‘शांतपणे गेली’

एडिनबरा

प्रिय यतीन,

अनेक आशीर्वाद. इथे सगळं ठीक आहे. हीटिंग चालू आहे, मी वेळेवर जेवते. तुझी पाठ कशी आहे? आईच्या तुळशीला पाणी कोण घालतं?

सध्या आमच्या लायब्ररीत अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातली घरगुती पत्रं स्कॅन करते आहे. मुलगा छावणीत तापाने गेला की सोबती त्याच्या आईला कळवतो, "शांतपणे गेला, त्रास झाला नाही." सगळेच शांतपणे गेले! मग युद्धात आरडाओरडा कोण करत होतं, देव जाणे. एका आईने मात्र उलट टपाली विचारलंय, "पाणी कोणी पाजलं? त्याने माझं नाव घेतलं का?"

तूही फोनवर म्हणालास, "ताई, आई झोपेतच गेली गं." दुपारची डुलकीसुद्धा चारचौघांना ओरडून मगच काढणारी आपली आई! त्यात परवा सुमनमावशी बोलून गेली, "रात्रभर जागीच होती बिचारी," आणि घाईघाईने इथल्या थंडीची चौकशी करू लागली. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही.

तर मला कागदावर लिही. मरणाच्या पत्रावर आपण श्री घालत नाही, तूही घालू नकोस. असं पत्र वाचून फाडायचं असतं. मी फाडणार नाही.

तिने मला हाक मारली असेल तर तसं लिही. नसेल, तर तसं लिही. फक्त ‘शांतपणे’ लिहू नकोस.

वरदाला आणि पोरांना माझी आठवण सांग.

तुझी,
सुचेताताई