मालतीचं बीपी आणि माझा भट्टीतला पास्ता

५ जानेवारी, सोमवार
मालतीला आठवडाभर चक्कर येत होती. आज दवाखान्यात नेलं. बीपी वाढलंय. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, तेल-मीठ कमी, भाज्या जास्त, आणि आराम. वीस तारखेला पुन्हा तपासू, उतरलं नाही तर नागपूरला न्या. मी घाबरलो. तिला काही झालं तर माझं कसं होईल, हा विचार दिवसभर डोक्यातून गेला नाही.
आराम काय, डॉक्टर सगळ्यांनाच सांगतात. खरी गोष्ट आहार. संकल्प : मालतीचा आहार आजपासून माझ्याकडे.

६ जानेवारी, मंगळवार
मुलगी सुप्रिया नागपूरला असते. तिने व्हिडिओ पाठवला. मेडिटरेनियन बेक्ड पास्ता. वांगी, टमाटर, ऑलिव्ह, थोडं चीज, सगळं ओव्हनमध्ये. तिकडे समुद्राकाठच्या लोकांचं हार्ट म्हणे फार मजबूत. समुद्र सोडला तर आपल्या सौंसरमध्ये आणि तिकडे फरक काय? संत्री त्यांच्याकडे, संत्री आपल्याकडे. जमेल.
रविवारपासून सुरू. तोपर्यंत मालतीच करेल. एकदम सवय मोडू नये.

९ जानेवारी, शुक्रवार
ऑफिसातून लवकर निघून पांढुर्ण्याला गेलो. पास्ता मिळाला, दोन पाकिटं. मैद्याचा आहे, पण पाकिटावर हिरवं पान आहे. ऑलिव्ह ऑइल मेडिकलमध्ये मिळालं. शिशीवर बाळाचा फोटो. म्हणजे लहान मुलांनाही चालतं, इतकं शुद्ध. ऑलिव्ह कुठेच नाहीत, बोरं घेतली. दिसायला तीच. येताना दोन प्लेट समोसे खाल्ले. बीपी मालतीला आहे, मला नाही.
मालतीने शिशी वाचून सांगितलं की हे मालिशचं हाय जी, खाचं नाही. मग तिने गुडघ्याला लावलं. बरं वाटलं म्हणे. डाएट लागू पडून राहिला.

१० जानेवारी, शनिवार
पास्ता भिजत घातला, हरभऱ्यासारखा. फार कडक असतो. मालती विचारून राहिली होती की भिजवतात काय हो याले? व्हिडिओ मी पाहिला की तिने?

११ जानेवारी, रविवार
सकाळी ६. उठलो.
सकाळी ९. पुन्हा उठलो. पास्त्याची लापशी झाली होती. दुसरं पाकीट मालतीने उकडलं, मी घड्याळ पाहिलं. कांदा, लसूण, वांगी तिनेच चिरली. माझा हात कापला असता तर घरात दोन पेशंट. मी मार्गदर्शन केलं. याने फार थकवा येतो.
ओव्हन नाही. पण रोडगे भाजायला कुठे ओव्हन लागतो? अंगणात गवऱ्यांची भट्टी लावली. गवऱ्या मालतीने छतावरून आणल्या, मला कमरेचा त्रास. फुंकलं पण तिनेच. धूर झाला तेव्हा मी व्हिडिओ काढून राहिलो होतो, म्हणून बाजूला उभा.
दुपारी २. नॉनस्टिक भांड्याची मूठ वितळली. वरून कोळसा, आतून कच्चं वांगं. बोरांच्या बिया काढायच्या राहिल्या. मालती म्हणाली की दात सांभाळा. मग तिने बेसन-भाकर केली, ती खाल्ली. पहिल्या प्रयोगाच्या मानाने उत्तम. ग्रुपवर झाकण ठेवून फोटो टाकला. ऑफिसातल्या हेमराजने लिहिलं की वहिनी नशीबवान हाय. मालतीला वाचून दाखवायचं होतं, पण ती संध्याकाळपर्यंत भांडंच घासत होती.

१५ जानेवारी, गुरुवार
मालतीला पुन्हा चक्कर. पास्त्याचा डोस कमी पडतो. आणखी पाकिटं आणली.

१८ जानेवारी, रविवार
एकटं खायला मालतीला कंटाळा येतो, म्हणून हेमराजसकट ऑफिसातले चौघं जेवायला बोलावले. आज पास्ता जमला! मालतीने शिट्टी काढून कुकरमध्ये लावला, आयडिया माझी म्हणायला हरकत नाही. लोकांना कमी पडेल म्हणून तिने भाजी, पोळ्या आणि भातही केला. चौघांनी तारीफ केली, मी हात जोडले. पास्ता तिच्यासाठी उरला नाही. चीज तसंही तिला वाईटच.

२० जानेवारी, मंगळवार
बीपी मागच्यापेक्षा जास्त. मशीन बिघडली असावी, मी तसं सुचवलं. डॉक्टरांनी विचारलं, आराम होतो काय? मी सविस्तर सांगितलं की स्वयंपाक आता मीच करून राहिलो. मालती म्हणाली की हो जी, पयले घरचा सैपाक होता, आता त्याच्यावर यांचा सैपाकबी माह्याकडंच आला. डॉक्टरांनी लिहायला घेतलेली चिठ्ठी फाडली. मग म्हणाले, नागपूर राहू द्या, आधी यांना माहेरी पाठवा.
संध्याकाळी तिचा भाऊ अंकुश आला आणि लोधीखेड्याला घेऊन गेला. पिशवी तिने सकाळीच भरून ठेवली होती.

२५ जानेवारी, रविवार
अंकुशचा फोन. बीपी नॉर्मल! खरंच डोळ्यांत पाणी आलं. पास्त्याचा परिणाम उशिरा होतो तर. औषधं तीच आहेत. तिथे ती दुपारी झोपते, भावजय हातात चहा आणून देते, आणि जेवायला बेसन-भाकर. मागे मालतीचा हसण्याचा आवाज येत होता. आधी ओळखलाच नाही.
मी म्हटलं, मीही येतो चार दिवस. सामान घेऊनच येतो, तिथे सगळ्यांना करून घालीन.
मागे मालतीचं हसणं थांबलं. मग अंकुश हळूच म्हणाला की भाऊजी, तुमी नका येऊ. आत्ताच तर उतरलं हाय.