पेरिहानचं चित्र, काच न लावता

मी, फेरिदुन अल्तुनाय, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त दंतवैद्य, राहणार कार्शियाका, इझमीर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही आग्रहाला बळी न पडता माझी शेवटची इच्छा सांगत आहे. हृदय अधूनमधून दगा देते. डोके अजून देत नाही.

१. राहते घर आणि बँकेतील शिल्लक माझी धाकटी बहीण मेलिहा हिला द्यावी. आईची अंथरुणातली वर्षे तिनेच काढली. तिच्याबद्दलची माझी तक्रार पुढे येईल. ती वाचूनही घर तिचेच.

२. दवाखान्यातली खुर्ची तळमजल्यावरील न्हावी निझामेत्तिन याला द्यावी. तिच्यावर त्याचा कधीपासून डोळा आहे. माझ्या चित्राला तो ‘सांडलेलं मसुराचं सूप’ म्हणाला होता, हे मी विसरलेलो नाही. तरी द्यावी.

३. आता ते चित्र. पेरिहान दुरुकान हिने ते १९६८ साली रंगवले. ती मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. सुजलेला गाल घेऊन माझ्याकडे आली आणि दाढ बरी झाल्यावरही येत राहिली. चित्रात झाड नाही, माणूस नाही. गडद निळा, त्यावर सुरीने थापलेला मातकट पिवळा, आणि एक लाल पट्टा. बाहेर बसलेले रोगी विचारत, “हे काय आहे हो?” पेरिहान तिथेच असली तर म्हणे, “दाढ ठणकते तेव्हा आत दिसतं ते.” रोग्याला लगेच पटे.

तिला पॅरिसची शिष्यवृत्ती मिळाली. म्हणाली, “चल माझ्याबरोबर. तिथल्या लोकांना काय दात नाहीत?”

“आहेत, पण ते फ्रेंचमध्ये ओरडतात.”

दोघेही हसलो. आईचे सगळे आटोपले की मी मागून जायचे, असे ठरले. चित्र माझ्यापाशी ठेवून ती गेली. पत्रे हळूहळू विरळ झाली. आई वारली, मी बॅग काढली, तेव्हा मेलिहा म्हणाली, “दादा, तिनं लग्न केलं. शाळेतल्या बायका सांगत होत्या.” मी बॅग परत कपाटावर टाकली. त्यानंतर पत्र लिहिले नाही.

पाच वर्षांपूर्वी पेरिहानची चित्रे जमवणाऱ्या एका संग्रहालयाचे गृहस्थ चित्र पाहायला आले आणि म्हणाले, “डॉक्टर, हे उलटं टांगलंय!” कधीतरी भिंती रंगवल्या, तेव्हा झाले असावे. मला निमित्त मिळाले. तिचा पॅरिसचा नंबर त्यांच्याकडूनच घेतला.

“पेरिहान, मी फेरिदुन. लाल पट्टा वर की खाली?”

ती म्हणाली, “एवढं विचारायला फोन केलास? इतक्या वर्षांनी?”

“हो.”

“खाली. आई कशा आहेत?”

“गेली. तू गेलीस त्याच्या दुसऱ्याच वर्षी.”

“मग आला का नाहीस?”

“तुझं लग्न झालं होतं ना.”

“माझं? कुणाशी रे?”

मी मेलिहाला विचारले. ती वाटाणे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “तू गेला असतास तर या घरात मी कुणाशी बोलले असते, दादा?”

चित्र सुलटे करून पाहिले. ओळखीचे माणूस परक्यासारखे बघू लागले. पुन्हा उलटे टांगले. पेरिहानला सांगितले तर म्हणाली, “राहू दे. तुझं तसंच.” तिची नजर आता गेली आहे. मला डॉक्टर विमानात बसू देत नाहीत. दर रविवारी ती फोनवर विचारते, “आज निळा कसा आहे?” मी खुर्ची ओढून चित्रासमोर बसतो आणि सांगतो.

४. हे चित्र पेरिहानला द्यावे. त्यावर काच लावू नये. माझे म्हणणे उतरवून घ्यायला घरी आलेल्या नोटरी शुक्रानबाई इथे थांबल्या. “पण त्यांना दिसत नाही ना?”

“हात आहेत,” मी म्हणालो. रंगाचे थर जाड आहेत. सुरीचा फटका न् फटका बोटांना लागतो.

५. मेलिहा तेवढ्यात चहा घेऊन आली होती. आयुष्यात इझमीर सोडून कुठे न गेलेली बाई. म्हणाली, “लिहा, मी स्वतः नेईन. तिच्या हातात मीच देईन.”

“आणि काय सांगशील तिला?” मी विचारले.

“आधी ती काय बोलते ते ऐकून घेईन.”

म्हणून चित्र मेलिहानेच न्यावे. तिला खिडकीजवळची जागा मिळेल असे पाहावे.

६. पेरिहान माझ्याआधी गेली तर काय करावे, हे शुक्रानबाईंनी दोनदा विचारले. मी सांगितलेले नाही. ती ओळ कोरी राहू द्यावी.

सही: फेरिदुन अल्तुनाय

आमच्यासमोर वाचले, आमच्यासमोर सही झाली:
रासिम ओकचू, निवृत्त बोटचालक
बेदिया सायिनेर, औषधविक्रेती

कार्शियाका, इझमीर
३ मार्च २०१४