कोरी घरं

माँट्रियल
शनिवार, ९ नोव्हेंबर २०२४

चि. नोएमी,

अनेक आशीर्वाद. तुझ्या आईनं पाठवलेला मेपलचा पाक पोचला. गुडघा दुखतो, पण तक्रार त्याची नाही. काल, शुक्रवारी ८ नोव्हेंबरला, रात्री आठ वाजून चाळीस मिनिटांनी तू माझ्या गेलेल्या लेकीला, एलोईजला, भर रंगमंचावर गप्प केलंस. तक्रार आहे ती ही.

आधी श्रेय देते, म्हणजे मावशी आंधळी झाली असं म्हणायला नको. चेलोची ओळ तू त्या उंच नाचणाऱ्या मुलीला दिलीस, बासरीची डोक्याचा गोटा केलेल्या मुलाला. सूर चढला की तिची पाठ उलगडते. दोन सूर एकमेकांना घासले की ती दोघं खांद्याला खांदा घासतात. एलोईजनं कागदावर लिहिलेलं संगीत तू डोळ्यांना ऐकवलंस. मी जन्मभर नाचाच्या वर्गांत पियानो बडवला, तेवढं मला कळतं.

मग वाद्यं थांबली आणि ती दोघंही थांबली. हात हवेत, मान कललेली. थांबूनच राहिली. माझ्या मागची बाई शेजारणीला म्हणाली, "आपलं मरण तिला आधीच कळलं होतं बघ." आणि लोक डोळे पुसायला लागले.

बाहेर तुला गाठलं, तर तू म्हणालीस, "मावशी, स्वरलिपीतली पुढची घरं कोरी आहेत. कागदावर आहे तेच मी नाचवलं. तिनं शांतता लिहिलीय."

लिहिलीय? कुठे? विरामाची एक तरी खूण दाखव. नन्सच्या शाळेत सिस्टर बर्नादेत पट्टीनं बोटं सोलायच्या आणि सांगायच्या, शांतता हवी असेल तर तीही लिहावी लागते. कोरं घर म्हणजे अपुरा गृहपाठ. तू मोठ्या विद्यापीठात शिकलीस. तिथं पट्टी नसावी.

ती घरं कुणी आखली, हे तू विचारलंच नाहीस. दवाखान्यात एकदा फिरकली असतीस तर दिसलं असतं. शेवटी शेवटी तिला सरळ रेघ ओढवेना. जेवणाच्या ट्रेवर कागद ठेवून मी आखून द्यायची. त्या सकाळी ती म्हणाली, "आई, आज जास्त आख. बासरीला घरी, मूळ सुरावर, परत यायचंय." मी अख्खं पान आखलं. कॉफी आणायला खाली गेले. वर आले तेव्हा पेन्सिल पांघरुणावर पडली होती.

तिला पुढे लिहायचं होतं, नोएमी. आणि तिनं मरण पत्करलं होतं, असं तू तिकीट लावून सांगतेस.

शेवटच्या लिहिलेल्या सुरावर, हात अजून हवेत असताना, दिवे घालव. मध्येच. लोकांना राग येऊ दे. मलाही आला होता.

क्वेबेक शहरातला प्रयोग शुक्रवारी आहे. गुरुवारी, १४ नोव्हेंबरला, दुपारी बाराच्या आत मला तुझं लेखी उत्तर हवं. फोन करू नकोस, मी उचलणार नाही. उत्तर आलं नाही तर तिचे कागद मी परत घेते. त्यांवरच्या रेघा माझ्या आहेत.

तुझी मावशी आणि एलोईजची आई,
रोलांद थिबोदो