पायगुण आणि इंजेक्शन

काका, काल तुमच्या मुलाचा फोन आला होता. त्याचा धाकटा तापाने आजारी आहे आणि सुई म्हटलं की दवाखाना डोक्यावर घेतो. सांगता सांगता तुमचा मुलगा हसून म्हणाला, "ताई, आमचे बाबा बघ, कधी कशाला म्हणून घाबरले नाहीत." मी नुसतं "हो" म्हटलं. तेव्हापासून धुमसते आहे, आणि ऐकून घ्यायला तुम्हीच सापडलात.

माझ्या पाठीवर दोन भाऊ झाले, म्हणून मी पायगुणाची. म्हणूनच मावशीने मला दुसरीतून उचलून सालवडला तुमच्या घरी आणलं. बोईसरला तेव्हा नवे नवे कारखाने उभे राहत होते, आणि तुमच्या घरात पाळणा हलत नव्हता. माझ्या पावलांनी मावशीची कूस उजवेल, असं सगळे म्हणत. पालघरच्या डॉक्टरांनी मात्र दोष तुमच्यात आहे, औषधाने गुण येईल, असं सांगितलेलं. शेजारणींना मावशी "माझंच औषध चालू आहे" म्हणायची, आणि तुम्ही मान खाली घालून कामावर जायचात.

आठवड्यातून दोनदा मुरब्याच्या नर्सबाई घरी येतात. इंजेक्शन थर्मासमध्ये, बर्फात ठेवलेलं. कारखान्यात बॉयलरशी खेळणारे तुम्ही, सुई दिसली की पांढरेफटक पडता. बाई हसतात. "अवो, आमी हाय ना! तिकडं बगू नका, पोरीचा हात धरा." तुम्ही माझा हात धरता, इतका घट्ट की बांगडी मनगटात रुतते. सुई निघाली तरी लगेच सोडत नाही. "तू होतीस म्हणून गं," म्हणता. त्या घरात माझ्या पायांखेरीज माझं आणखी काही कुणाला लागत होतं, तर तो हा हात.

मग तो झाला. पेढे वाटताना जो तो माझ्या पायांचं कौतुक करत होता आणि माझा तिळपापड होत होता. इंजेक्शनं बंद झाली, नर्सबाई यायच्या थांबल्या, माझा हात धरायला तुम्हाला कारण उरलं नाही. तुम्ही वाईट वागलात असं मुळीच नाही. दिवाळीला आधी माझा फ्रॉक यायचा, मग त्याचा शर्ट. पण तो तुम्हाला बाबा म्हणायला शिकला आणि मी काकाच म्हणत राहिले. केळव्याला समुद्रावर गेलो की लाटेत तुम्ही हात त्याचा धरायचात. मी मोठी झाले होते ना. मला त्याचा भयंकर हेवा वाटायचा, काका, आणि या वयातही वाटतो.

तुम्ही गेलात तिथे हे पत्र पोचायचं नाही, आणि त्याला तर मी दाखवणारच नाही. काल त्याला सांगता आलं असतं, की अरे, तुझे बाबा सुईला लहान मुलासारखे घाबरायचे आणि तुझ्यासाठीच टोचून घ्यायचे. बिचारा ऐकून रडला असता. नाही सांगितलं. त्याला तुमचं नाक मिळालं, तुमचं नाव मिळालं. तुमची भीती मी त्याला देणार नाही.