एकाच चरातल्या दोन वाटा

सर, परवा स्वारगेटला ड्रेनेजसाठी खोदताना जेसीबीने आमच्या केबल तोडल्या, आणि मला सगळ्यांत आधी आठवलात ते तुम्ही. चांगल्या अर्थाने नव्हे.

रविवारी तुमच्या कर्वेनगरच्या घरी बसायचो आम्ही, तुमचा लाडका विद्यार्थी आणि मी. दोघेही तुमच्याच हाताखाली पीएचडी करत होतो. दोन टॉवरच्या हद्दीवर अडकलेल्या मोबाइलला दोन्ही टॉवरनी मिळून सांभाळायचं, आणि त्यासाठी टॉवरना एकमेकांशी सतत बोलता येईल असं फायबरचं जाळं आखायचं, हे आमचं काम. एक वाट तुटली तर दुसरी हवी, म्हणून रिंग. ती आखणी माझी होती. पण काकू घरी नसल्या की चहा मुलीने, म्हणजे मी करायचा, हे तुमच्याकडे ठरलेलंच. मी ओट्यापाशी, तो फळ्यापाशी. ट्रे घेऊन बाहेर येते तर कालव्याच्या कडेने जाणारी माझी दुसरी वाट पुसलेली. दोन्ही केबल एकाच चरात. खोदाई वाचते म्हणे. मी म्हटलं, "सर, चर उकरला तर दोन्ही एकदम जातील." तुम्ही सावकाश घोट घेतलात. "चहात साखर कमी आहे," म्हणालात. तो हसला.

तिथेच माझं काम संपलं. शोधनिबंधावर त्याचं नाव, मग तुमचं. माझे नुसते आभार, तेही शेवटच्या ओळीत. मी पीएचडी सोडली आणि मोबाइल कंपनीत नोकरी धरली. तुम्ही गेलात तेव्हा शोकसभेला आले नाही. वेळ होता, तरी आले नाही.

पुढे तुमची ती आखणी कुणीतरी जमिनीत उतरवली, आणि फिरत फिरत ती सांभाळायला माझ्याच वाट्याला आली. दुसरी वाट खोदा म्हणून मी मेल लिहीत राहिले. ते कुणी वाचले नाहीत. परवा दोन्ही केबल एकदम गेल्या, टॉवर एकमेकांना मुके झाले, हद्दीवरच्या लोकांचे फोन बंद पडले. मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "रिंग होती ना, मॅडम?"

"कागदावर होती," मी म्हटलं.

इतकी वर्षं जपलेलं उत्तर, आणि ऐकायला तुम्ही नाहीत. याचाच जास्त राग आला. तुम्ही असायला हवे होतात, निदान हरण्यापुरते तरी.

हे पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं, कारण एक गोष्ट तुम्हाला कळू द्यायची नाही. चराबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. चहा मात्र अजूनही कुणापुढे ठेवण्याआधी मी स्वतः चाखून बघते.