उद्या साडेदहाला माझे लग्न आहे

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षे चौसष्ट, धंदा सोफे व खुर्च्या शिवणे, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, माझ्यावर कोणाचा दबाव नाही आणि मी काही प्यालेलो नाही. अक्षर वाकडे येते आहे ते आनंदाने. उद्या सकाळी साडेदहाला चर्चमध्ये माझे लग्न आहे! वकीलबाई म्हणाल्या, लग्न झाले की आधीचे मृत्युपत्र बाद ठरते, तेव्हा 'हे होणारे लग्न लक्षात घेऊन लिहिले आहे' असे स्पष्ट घाला. घातले. त्या नको म्हणाल्या नसत्या तर प्रत्येक पानावर घातले असते.

यापूर्वीचे मृत्युपत्र मी रद्द करतो. ते घटस्फोटानंतर रागाच्या भरात लिहिले होते आणि त्यात निम्म्या शिव्या थोरल्या भावाला होत्या. त्यांतल्या निवडक पुढे कायम ठेवल्या आहेत.

आजच का लिहितो, तर उद्या जेवणानंतर लिहिले तर लोक म्हणतील, नव्या बायकोने हात धरून लिहून घेतले. आणि दुसरे कारण माझी मुलगी. हे तिने लग्नाआधी वाचावे अशी माझी इच्छा आहे. चर्चमध्ये लग्नाला दोन साक्षीदार लागतात. माझ्या बाजूने तू उभी राहा, असे मी तिला सांगितले आहे. तिने हो म्हटलेले नाही. फोन उचलत नाही. ती आली नाही तर उद्या माझे लग्न होईल, पण अर्धेच झाल्यासारखे वाटेल, हे मी इथे कायद्याच्या कागदावर सांगून टाकतो.

घराबद्दल. माझे राहते घर, म्हणजे खालचे वर्कशॉप, वरच्या दोन खोल्या आणि ज्या अरुंद जिन्यात आजवर तीन सोफे अडकले तो जिना, हे सर्व माझ्या मुलीला, जी माझी व तिच्या आईची मुलगी आहे, तिला मिळावे. संपूर्ण. त्यात कोणाचा वाटा नाही. माझ्या होणाऱ्या बायकोला मी आधी विचारले. ती विधवा आहे, कोपऱ्यावरची लाँड्री चालवते, आणि मला पहिल्या दिवसापासून मिस्त्री म्हणते. ती म्हणाली, "मिस्त्री, मला काय करायचंय तुझं घर? माझं आहे की लाँड्रीच्या वर, खालच्या इस्त्र्यांमुळे बारा महिने उबदार. तू आपली उशी घेऊन ये."

मी उशी कालच बांधून ठेवली.

आता ज्यांना आमच्या चर्चची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी. कोर्टाने घटस्फोट दिला की माणूस कोर्टापुरता मोकळा होतो, चर्चपुरता नाही. चर्चमध्ये पुन्हा उभे राहायचे तर बिशपसाहेबांच्या न्यायमंडळाने आधी सांगावे लागते की पहिले लग्न मुळात झालेच नव्हते, म्हणजे कोणाची तरी खरी संमती नव्हती. मी लाँड्रीवालीला म्हटले होते, कशाला एवढी यातायात, सरकारी कचेरीत सही करू. ती इस्त्री खाली ठेवून म्हणाली, "मी काय पार्सल सोडवायला चाललेय कचेरीत? देवासमोर करायचं, नाहीतर आहे तेच बरं." आणि ती बोलली तशी वागली. रोज संध्याकाळी चहा, गप्पा, आणि मग मला तिच्या जिन्याखाली आणून सोडायची. शेजारच्यांची करमणूक झाली. माझी तर जास्तच झाली, कारण त्या जिन्यावर ती हसायची.

न्यायमंडळात एक फादर असतात, त्यांचे कामच लग्नाच्या बाजूने भांडायचे. त्यांनी मला उलटसुलट विचारून घाम फोडला. मी म्हटले, "फादर, माझ्या लग्नाच्या बाजूने तुमच्यासारखा एक जण जरी तेव्हा घरात असता ना!" लिहून घेणारी बाई हसली. फादर हसले नाहीत.

माझ्या पहिल्या बायकोला (चर्चच्या मते ती आता माझी पहिली बायको नाही, पण मला दुसरा शब्द सापडत नाही) निळी, उंच पाठीची खुर्ची द्यावी. कापड तिनेच निवडले होते आणि मी त्या रंगाला नावे ठेवली होती. रंग चांगला आहे. कित्येक वर्षे ती न्यायमंडळाच्या पत्रांना उत्तर देत नव्हती. मी तिला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. मग एक दिवस ती आपणहून गेली आणि सांगून आली की लग्नाच्या आदल्या दिवशी तिने वडिलांना नाही म्हटले होते, पण हॉल ठरला होता, पाहुणे आले होते. वेदीसमोर तिने हो म्हटले ते वडिलांच्या डोळ्यांकडे बघून. नंतर तिने मला फोन केला. म्हणाली, "तुला आधीच सांगायला हवं होतं. पण तुझा राग यायचा रे, तुला काही कळायचंच नाही." मी म्हटले, "खरंच नाही कळलं." मग आम्ही दोघे हसलो, आणि नंतर ती रडली, मीही. इतके सरळ आम्ही संसारात कधी बोललो नव्हतो.

माझ्या थोरल्या भावाला, ज्याने ते पहिले लग्न जमवले, ज्याला तिचे मन नव्हते हे ठाऊक होते, जो म्हणाला होता की 'लग्नानंतर सगळं सुरळीत होतं', आणि ज्याने घटस्फोटानंतर मला घराचा उंबरा चढू दिला नाही, त्याला वर्कशॉपच्या मागची स्प्रिंग वर आलेली खुर्ची द्यावी. त्याची कंबर दुखते हे मला ठाऊक आहे. स्प्रिंग कोणीही दुरुस्त करू नये.

उद्याचे आमंत्रण मात्र त्याला दिले आहे. लाँड्रीवालीने द्यायला लावले.

माझी हत्यारे, म्हणजे चुंबकाची हातोडी, बाकदार सुया, मोठी कात्री आणि पट्टे ताणायची फळी, हीसुद्धा माझ्या मुलीला. ती डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढते, तिला हत्यारांची गरज नाही. पण लहानपणी ती माझ्या स्टुलाखाली बसून चुंबकाने सांडलेले खिळे वेचायची, म्हणून मी तिला टाचणी म्हणतो. टाचणीला हातोडी मिळालीच पाहिजे.

टाचणी, हे तुझ्यासाठी. निकालाचा कागद आला त्या दिवशी मी वेड्यासारखा नाचलो, आणि तू दारात उभी राहून विचारलेस, "तुमचं लग्न झालंच नव्हतं, तर मग मी कोण?" मी फादरना घेऊन आलो. त्यांनी नीट समजावले की अशा लग्नाची मुले हक्काचीच असतात, निकालाने त्यांना काही होत नाही. तू म्हणालीस, "नियम नका सांगू मला," आणि निघून गेलीस. बरोबर होते तुझे. नियम सांगायला फादरना आणले, मी स्वतः काही बोललोच नाही. आता लिहितो. लग्न चुकले असेल, संमती नसेल, जे काय नसेल ते नसेल. तू झालीस तेव्हा मी आनंदाने दुकान बंद करून रस्त्यात ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना सांगत सुटलो होतो. त्या संमतीत काडीचीही खोट नव्हती. तू माझी व तुझ्या आईची मुलगी आहेस.

शिल्लक पैशांतून माझ्या दफनाचा खर्च करावा, उरतील ते बायकोला. मला तिच्या पहिल्या नवऱ्याशेजारी पुरू नये. तो फार घोरायचा असे ती सांगते.

उद्या आम्ही दोघे ज्यावर गुडघे टेकणार ती लांब गादी मी स्वतः शिवली आहे. एक बाजू शिवायची राहिली आहे. लग्नानंतर ती चर्चला द्यावी, पण पहिल्या बाकावरच्या

इथे दार वाजले. या मृत्युपत्राचे साक्षीदार आले, म्हणजे चर्चची घंटा वाजवणारा आणि समोरची केक करणारी बाई, हाताला अजून साखर लागलेली. आणि त्यांच्या मागे टाचणी. तिने मी लिहिलेली पाने उचलली आणि उभ्याउभ्या वाचायला लागली. तिचे वाचून होईपर्यंत मी हे लिहीत बसलो आहे.

"पप्पा, 'माझी व तिच्या आईची मुलगी' दोनदा लिहिलंय."

"कमी पडत असेल तर अजून लिहितो."

तिने डोळे पुसले आणि पेन मागितले. "कुठे करायची सही?"

"अगं थांब! इथे नाही! ज्याला मिळायचंय त्याने साक्षीदार म्हणून सही करायची नसते. घर जाईल हातचं!"

"मग कुठे करू?"

मी पेन पाठीमागे लपवले. घंटावालाच म्हणाला, "उद्या कर की, चर्चच्या वहीत. तिथे साक्षीदाराने नाव, पत्ता लिहायचा आणि वधूवरांशी नातं."

"नातं काय लिहू, पप्पा?"

मी म्हटले, तूच सांग.

"वराची मुलगी," ती म्हणाली. मग माझ्या स्टुलावर बसली, बाकदार सुई घेतली आणि गादीची राहिलेली बाजू शिवायला लागली. टाके थोडे मोठे पडत आहेत. राहू देत.

वरील सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही करतो. त्यांनीही माझ्यासमोर सही केली आहे.

स्थळ: वर्कशॉप, कापड कापायचे टेबल. तारीख: लग्नाचा आदला दिवस, संध्याकाळ.

सही: सोफ्यांचा मिस्त्री, उद्याचा नवरा

साक्षीदार पहिला: चर्चची घंटा वाजवणारा
साक्षीदार दुसरी: केक करणारी (साखरेचा डाग तिचा)

माझ्या मुलीची सही या कागदावर मुद्दाम घेतलेली नाही. ती उद्या साडेदहाला.