मधला जोड

प्रिय लवंगी,

या नावानं हाक मारली म्हणून नाक मुरडलंस ना? मुरड. इथून दिसत नाही, एवढीच हळहळ. अक्षर लागलं नाही तर पत्र उजेडात धर. माझी अन् शाळेची दोस्ती किती टिकली, तुला ठाऊकच आहे. फोनच केला असता, पण तू पलीकडून नुसतं ‘काय रे’ म्हणतेस आणि मी हवापाण्याचं बोलून फोन ठेवतो.

काम बरं आहे. रजईच्या कापडावर लाकडी ठशांनी नक्षी छापायची, तुमच्याकडे छापायचो तशीच. मालकीणबाई कडक आहेत, पण हाताच्या कामाची कदर आहे त्यांना. परवा म्हणाल्या, नवी नक्षी हवी, तुझ्या मनातली काढ. मी वेल काढला. पानं माझी. कळ्या मात्र तू फरशीवर खडूनं काढायचीस तशाच उतरल्या, मान वळवून रुसलेल्या. ठसा कोरतानाही त्यांची मान सरळ होईना. मीही केली नाही.

घोटाळा पुढेच झाला. अर्ध्या कापडापर्यंत वेल सुतासारखा जातो, मधोमध आला की बिनसतं. पानावर पान चढतं, देठ तुटतो. बाईंनी दोरी ताणून दिली. दोरी सरळ, वेल वाकडाच. मग डोक्यात उजेड पडला. तुझ्या बाबांच्या त्या लांब टेबलावर मी अख्खं कापड कधी छापलंच नाही. मी या टोकाकडून निघायचो, तू त्या. मधला जोड तूच बसवायचीस, वर माझ्या बोटावर रंग फासून हसायचीस. तेवढ्यासाठी मी घाईनं मध्ये पोचायचो. बाबा ओरडायचे, या भिंगऱ्याला एका जागी उभं राहवत नाही! आता राहवेल गं. पण समोरच्या टोकाला नुसती भिंत आहे.

माझी मावशी फोनवर म्हणाली, तुझ्या लग्नाचं बोलणं चाललंय.

म्हणून हे कापड पाठवतोय, ठसाही सोबत आहे. माझ्या बाजूचा वेल छापलाय, तुझी बाजू कोरी आहे. मनात असेल तर तुझ्या टोकाकडून छापत ये आणि जोड बसवून पाठव. मिळेल त्या गाडीनं येऊन बाबांपुढे उभा राहीन. मनात नसेल, तर परत पाठवू नकोस. त्याची रजई शिव आणि कोरी बाजू पायाकडे घे, म्हणजे कुणाच्या डोळ्यांवर यायची नाही.

तुझाच,
भिंगऱ्या